पोस्ताचा पेला

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जेमतेम सहा महिन्यांच्या अंतराने एक काका आणि एक पुतण्या मारले गेले. डिसेंबर १६६१ मध्ये मुरादबक्ष आणि मे १६६२ मध्ये सुलेमान शुकोह. मारवणारा एकच, औरंगजेब. मुरादचा तो सख्खा भाऊ, सुलेमानचा सख्खा चुलता. मुराद गेला तलवारीने, काजीपुढे दावा उभा राहून, सगळं रीतसर. सुलेमान गेला रोज सकाळी समोर येणाऱ्या एका पेल्याने. ना दावा, ना निवाडा, ना रक्ताचा थेंब.

देहदंडाविषयी गेली काही वर्षं जे हाती लागेल ते मी वाचत आले आहे. सूळ, करवत, हत्तीचा पाय, तोफेचं तोंड, टकमक टोकावरून कडेलोट. त्यातल्या क्रौर्याने झोप उडते, पण मला त्याहून जास्त छळतो तो हा पेला. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत जगभरच्या सरकारांनी माणसाला मारण्याच्या जेवढ्या ‘सौम्य’ पद्धती काढल्या, त्या सगळ्यांचं मूळ मला आमच्या किल्ल्यातल्या त्या पेल्यात दिसतं.

सुलेमान हा दारा शुकोहचा थोरला मुलगा. बापाचा शिरच्छेद झाला तेव्हा तो गढवालच्या डोंगरात आश्रयाला होता. तिथून त्याला पकडून आणलं आणि जानेवारी १६६१ मध्ये दिल्लीला दरबारात उभं केलं. बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या वेळी तिथे हजर होता आणि त्याने ते लिहून ठेवलंय. देखणा, तरणाबांड शहजादा, हातात सोन्याचा मुलामा दिलेल्या बेड्या. त्याला पाहून कित्येक दरबाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. चुलत्याला त्याने एकच विनंती केली: मला पोस्त देणार असाल तर त्यापेक्षा आत्ताच मारून टाका. औरंगजेबाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शब्द दिला की पोस्त मुळीच दिलं जाणार नाही. मग त्याची रवानगी ग्वाल्हेरला झाली, आणि पोस्तच दिलं गेलं.

अफूची बोंडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते पाणी मोठ्या पेल्यात भरून कैद्यासमोर ठेवायचं आणि तो पेला रिकामा होईपर्यंत अन्नाचा कण द्यायचा नाही. इतकंच. पहारेकऱ्याला तलवार उपसावी लागत नाही, कुणाला दोर ओढावा लागत नाही. कैदी आपल्या हाताने पितो, आपल्या घशाने गिळतो. हळूहळू अंग झडतं, मग शक्ती जाते, मग बुद्धी जाते, आणि एक दिवस माणूस उरत नाही. बर्निए सांगतो की ज्यांचं डोकं उडवणं बादशहाला शहाणपणाचं वाटत नसे अशा शहजाद्यांसाठी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ही सोय होती. साप मरावा आणि काठीही मोडू नये, यासाठीची.

ज्याला मरायचं होतं त्याने तलवार मागितली होती, हे मी विसरू शकत नाही. पेला कुणाच्या सोयीचा होता, हे त्या एका विनंतीतून कळतं.

किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याच्या तळघरात मी पुष्कळदा उतरले आहे. वरचे मजले मानसिंह तोमराच्या वैभवाचे, निळ्या-पिवळ्या फरशांची बदकं, हत्ती, केळीची झाडं. खाली जिना अरुंद होत जातो, भर दुपारीही मोबाइलचा दिवा लावावा लागतो, वटवाघळांचा उग्र दर्प नाकात बसतो. तळाला खांबांचं एक गोल दालन आहे आणि वर छताला लोखंडी कड्या. राजाराण्यांच्या झोपाळ्यांसाठी केलेलं हे दालन मोगलांनी कैदखाना केलं आणि याच कड्यांना माणसं लटकवली, असं गाइड सांगतात. कॉलेजची मुलं तिथे कडीला हात पोचतो का ते उड्या मारून बघतात. मला त्यांच्यावर रागवावंसं वाटत नाही. दालन त्यांना काही सांगतच नाही, एवढं ते स्वच्छ आणि रिकामं आहे.

मुरादची गोष्ट वेगळी. गुजरातचा सुभेदार असताना, १६५७ मध्ये, अली नकी नावाच्या आपल्या दिवाणाला त्याने फितुरीच्या संशयावरून स्वतःच्या हाताने भाल्याने मारलं होतं. तेव्हा कुणी ब्र काढला नाही. चार वर्षांनी मुराद ग्वाल्हेरात कैदेत होता, दोराच्या शिडीने पळून जायचा त्याचा बेत फसला होता आणि भावाला तो जिवंत नको होता. तेव्हा अली नकीचा खून एकाएकी आठवला. खुनाचा बदला मागण्याचा हक्क वारसाचा, म्हणून त्याच्या मुलांना पुढे करण्यात आलं. थोरला मुलगा तयार झाला नाही. दुसरा झाला. त्याने काजीपुढे रक्त मागितलं आणि मुरादचं डोकं उडालं.

तो थोरला मुलगा माझ्या मनात घर करून आहे. बाप खरोखर मारला गेला होता, अपराधी खरोखर अपराधी होता, बादशहाची मर्जी कुठे आहे तेही उघड होतं, नुसती मान हलवायची होती. त्याने नाही म्हटलं. असंच नाही म्हणणारे दोघे आपल्या काळात होऊन गेले, गांधीजींचे मुलगे मणिलाल आणि रामदास. बापाच्या खुन्यांना फाशी देऊ नका अशी विनंती त्यांनी केली. ती मानली गेली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली. गांधीजींवर झाडलेलं पिस्तूल ग्वाल्हेरातून गेलं होतं. आमच्या गावच्या मराठी घरांतून हा विषय निघाला की आवाज चढतात, बाजू पडतात. पण त्या दोन मुलांच्या अर्जाविषयी मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही.

आता पेल्याकडे येते. पॅरिसमध्ये १७८९ साली डॉक्टर गिलोतँ यांनी मागणी केली की सरदार असो वा शेतकरी, मरण सगळ्यांना सारखं असावं आणि यंत्राने, क्षणात यावं. तोवर तिथे खानदानी माणसाला तलवार आणि गरिबाला दोर असा भेद होता. हे डॉक्टर मुळात देहदंडाच्याच विरोधातले. यंत्राचा आराखडा दुसऱ्या एका शल्यवैद्याने, आंत्वान लुई यांनी केला, आणि एप्रिल १७९२ मध्ये त्यावर पहिली मान कापली गेली. जमलेली गर्दी हिरमुसली, बघायला काही मिळालंच नाही म्हणून. पुढच्या दोन वर्षांत त्याच यंत्राखाली हजारो माणसं गेली. इतक्या लवकर, इतक्या माना, तलवारीने झाल्या नसत्या. शेवटची मान १९७७ सालची. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा फ्रान्समध्ये गिलोटिन चालू होतं.

पुढेही दर वळणावर एक डॉक्टर भेटतो. फाशीच्या दोराची लांबी कैद्याच्या वजनावरून काढायचं गणित सॅम्युअल हॉटन या आयरिश विद्वानाने १८६६ मध्ये मांडलं, तोही वैद्यक शिकलेला. विजेच्या खुर्चीची कल्पना बफेलो शहरातल्या एका दंतवैद्याची. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात ती पहिल्यांदा वापरली तेव्हा पहिल्या झटक्याने माणूस मेला नाही, दुसरा द्यावा लागला. मग नेवाडात १९२४ साली विषारी वायू. ही सगळी मंडळी कनवाळूच होती, याबद्दल मला शंका नाही. समोरच्याचे हाल कमी व्हावेत असंच त्यांना वाटत होतं.

आणि मग सुई. १९७७ मध्ये ओक्लाहोमातल्या सरकारी वैद्यकीय तपासनिसाने तीन औषधांची कृती लिहून दिली, १९८२ च्या डिसेंबरात टेक्सासने ती पहिल्यांदा माणसावर वापरली. पहिलं औषध गुंगीचं. तिसरं पोटॅशियम क्लोराइड, ते हृदय थांबवतं. मधलं पॅन्क्युरोनियम, ते सगळे स्नायू लुळे पाडतं. मारण्यासाठी या मधल्याची गरज नाही. त्याच्यामुळे एवढंच होतं की मरणारा हलत नाही, ओरडत नाही, तोंड वेडंवाकडं करत नाही. पहिलं औषध कमी पडलं आणि आतल्या आत आग होत असली, तरी काचेपलीकडे बसलेल्यांना शांत झोपलेला माणूस दिसतो. ते औषध काचेपलीकडच्यांसाठी आहे. हे वाचलं त्या दिवशी मला बर्निएचं ते पान पुन्हा काढून बघावंसं वाटलं.

पुढे युरोपातल्या औषध कंपन्यांनी या कामासाठी माल द्यायला नकार दिला, म्हणून नवे मार्ग शोधले गेले. अलाबामात २०२२ च्या नोव्हेंबरात एका कैद्याची शीर सापडेना म्हणून बेत सोडून दिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच माणसाला मुखवट्यातून नायट्रोजन देऊन मारलं. कित्येक मिनिटं तो खाटेला बांधलेल्या पट्ट्यांत तडफडत होता, असं हजर असलेल्या पत्रकारांनी लिहिलं. हीही पद्धत वेदनारहित म्हणूनच आणली होती.

आपल्याकडे दोर आहे. देशभरच्या तुरुंगांसाठी तो बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगात वळला जातो. वळणारे हात कैद्यांचेच. फाशीच्या आधी कैद्याचं वजन करतात आणि वाळूचं पोतं टांगून चाचणी घेतात. २००४ मध्ये कोलकात्याला अलीपूर तुरुंगात फाशी झाली तेव्हा तिथल्या वयोवृद्ध फासेवाल्याने वर्तमानपत्रांना सांगितलं होतं की दोराला तो साबण, तूप आणि पिकलेलं केळं चोळतो, गाठ सुळकन सरकावी म्हणून. केळं कुस्करून तूप लावणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला मी हेच दोन जिन्नस हातात घेते. इथे ते एका जिवंत माणसाच्या गळ्यासाठी आहेत, तो माणूस दोन कोठड्यांपलीकडे बसलेला आहे आणि हे चाललंय ते त्याला माहीत आहे.

दोराची लांबी कमी पडली तर माणूस गुदमरत राहतो. जास्त झाली तर मुंडकं तुटतं. २००७ च्या जानेवारीत इराकमध्ये सद्दामच्या सावत्र भावाचं तसं झालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८३ मध्ये निकाल दिला की फाशी हीच झटपट, खात्रीची आणि घटनेला धरून असलेली पद्धत आहे. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. चाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, फाशीऐवजी कमी वेदनेची पद्धत आणावी अशी याचिका त्यांच्या मुलापुढे, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे आली आणि त्यांनी केंद्र सरकारकडे शास्त्रीय माहिती मागितली. पुण्याच्या एका मराठी घरातल्या दोन पिढ्यांपुढे तोच प्रश्न, दोर की सुई.

दोर एके काळी चव्हाट्यावर असे. आमच्या सराफ्यात, जिथे दिवाळीला चांदीची नाणी घ्यायला रीघ लागते, तिथे २२ जून १८५८ रोजी अमरचंद बांठियांना कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिलं. शिंद्यांच्या गंगाजळीचे ते खजिनदार. ग्वाल्हेर राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेबांच्या हाती असताना त्यांनी खजिना सैन्यासाठी उघडला, एवढा त्यांचा गुन्हा. देह तीन दिवस तसाच लोंबत ठेवला होता. पुढल्या वर्षी १८ एप्रिलला शिवपुरीत तात्या टोपेंना मैदानात, लोकांसमोर फाशी. आपण पेशव्यांचे चाकर आहोत, धन्याचा हुकूम पाळला, असं त्यांनी आपल्या जबानीत सांगितलं होतं. फाशीनंतर त्यांच्या केसांची बट मिळावी म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांची झुंबड उडाली, असा त्या वेळचा वृत्तांत आहे. आणि बरोबर एकोणचाळीस वर्षांनी, १८९८ च्या १८ एप्रिलला, दामोदर चापेकरांना फाशी झाली ती येरवड्याच्या भिंतींच्या आत. तेवढ्या काळात सरकारला कळून चुकलं होतं की झाडाला टांगलेला माणूस बघणाऱ्यांच्या मनात नुसती भीती पेरत नाही, हौतात्म्यही पेरतो.

२०१८ चा उन्हाळा आठवतो. मध्य प्रदेशात बारा वर्षांखालच्या मुलींवरच्या अत्याचाराला फाशीचा कायदा आला होता आणि एकामागून एक निकाल लागत होते. इंदूरला एका तान्ह्या मुलीच्या प्रकरणात तर गुन्हा घडल्यापासून महिन्याच्या आत फाशी सुनावली गेली. वटपौर्णिमेला आम्ही बायका वडाला सूत गुंडाळत होतो आणि बोलणं त्यावरच आलं. माझ्या नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, तुरुंगात कशाला नेता? भर बाड्यावर लटकवा. चार जणांनी बघितलं तर धाक बसेल.” त्या शिक्षिका होत्या, आयुष्यभर लहान मुलींना शिकवलंय त्यांनी. त्यांचे हात थरथरत होते. तो संताप खरा होता आणि मला तो हलका करायचा नव्हता.

मी म्हटलं, “वन्सं, भर चौकातल्या फाशीला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच मनाई केलीय. राजस्थानच्या उच्च न्यायालयाने तसा हुकूम दिला होता, तो रोखला. गुन्हा रानटी होता म्हणून शिक्षाही रानटी नको, असं त्यांनी सांगितलं.” त्या म्हणाल्या, “न्यायालयाचं राहू द्या. तुमचं काय?”

तेव्हा मी ज्याच्यासाठी आम्ही तिथे उभ्या होतो त्याचंच सांगितलं. महाभारताच्या शांतिपर्वात एक संवाद आहे. राजा द्युमत्सेनाच्या हुकमावरून काही माणसांना वधासाठी नेत असतात आणि राजपुत्र त्याला अडवतो. वध हा धर्म असू शकत नाही, म्हणतो. एका दस्यूला मारलंत की त्याची बायको, आई, बाप, मुलं, ज्यांनी काही केलं नाही, तीही मारली जातात. वाईट माणूस कधी सुधारतोही, वाईटाच्या पोटी चांगली संतती येते, तेव्हा मूळच उपटू नका. बाप विचारतो, मग दरोडेखोरांचं करायचं काय, आणि पूर्वी नुसत्या धिक्काराने भागत असे, आता वधाशिवाय भागत नाही, असं सांगतो. दोघांचा वाद बराच चालतो. तो राजपुत्र म्हणजे सत्यवान. सावित्रीने यमाच्या हातून सोडवून आणलेला. दर ज्येष्ठात आपण त्याच्या आयुष्यासाठी उपास करतो आणि तो काय बोलून गेला हे आपल्याला कुणी सांगत नाही.

नणंदबाई ऐकून घेऊन गप्प राहिल्या. त्यांना पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

मला त्या वर्षी ज्या गोष्टीने सर्वांत अस्वस्थ केलं ती दुसरीच होती. आपल्या राज्यात सरकारी वकिलांना गुण देण्याची पद्धत होती. जन्मठेप मिळवली तर ५०० गुण, फाशी मिळवली तर १०००. वर्तमानपत्रात ती बातमी कौतुकाने छापून आली होती. पुढे २०२२ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण ज्या खोलीत एका माणसाचं जगणं-मरणं ठरतंय, तिथे एका बाजूच्या माणसाच्या खात्यात त्या मरणाचे गुण जमा होणार, हे ज्यांना सुचलं ती सुशिक्षित, घरदार असलेली माणसं असणार.

आणि चूक झाली तर? ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण सहज वापरतो. महाराष्ट्रात नाशिकजवळ २००३ मध्ये घडलेल्या भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली, म्हणजे सहाच्या सहा. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ही दहा वर्षं दोर थांबला नसता, सगळं कार्यक्षमतेने पार पडलं असतं, तर भरपाईचे पैसे घ्यायला कोण आलं असतं?

विरोधाची बाजूही माझ्या दाराशी येऊन गेली आहे. २०११ मध्ये इंदूरला दिवसाढवळ्या एका घरात शिरून तीन पिढ्यांतल्या तीन स्त्रियांना मारलं. आमच्या ओळखीपाळखीतल्या प्रत्येक घरी तेव्हा दाराला जाळी नाहीतर साखळी बसली. तिघा आरोपींना फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली. आणि त्याच निकालात सांगितलं की यापुढे कुणाला फाशी देण्याआधी सरकारने त्या माणसाची सगळी माहिती न्यायालयापुढे ठेवायची: मानसिक तपासणी, घरची परिस्थिती, शिक्षण, तुरुंगातली वागणूक. निकाल वाचताना त्या तीन बायका माझ्या मनातून क्षणभरही हलल्या नाहीत. तरी तो निकाल मला योग्यच वाटतो. हे लिहायला मला सोपं गेलेलं नाही. त्या घरातलं कुणी माझ्यासमोर बसलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता लागू झाली. जुन्या कायद्यातलं कलम ३५४(५) आता ३९३(५) आहे. वाक्य तेच, १८९८ च्या संहितेतही होतं तेच: प्राण जाईपर्यंत गळफास द्यावा. मार्च २०२० मध्ये तिहारला पहाटे साडेपाचला चौघांना एकदम फाशी झाली, त्यानंतर देशात फाशी झालेली नाही. पण शिक्षा सुनावली जातच आहे, आणि शेकडो माणसं त्या वाक्याखाली कोठड्यांत बसून आहेत.

दोराऐवजी सुई आणा म्हणणाऱ्या याचिकेच्या बाजूने मी उभी राहू शकत नाही. सुई आली की ही शिक्षा आणखी दोन पिढ्या टिकेल, कारण मग ती आपल्याला बोचणार नाही. उद्या पहाटे ज्याला चढायचंय तो कदाचित सुईच मागेल, आणि त्याला माझ्या या मुद्द्याचा काही उपयोग नाही, हेही मला कळतं. मला हवंय ते विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६२ व्या अहवालात लिहून दिलेलं आहे: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे गुन्हे वगळून बाकी सगळ्यांसाठी फाशी बंद करावी. माझ्या मते ते दोनही वगळू नयेत, पण निदान एवढं करा. नवी संहिता लिहिताना ते करता आलं असतं. अहवाल तेव्हा सरकारपुढे होता.